खिडकीवरचं काळं कापड

उस्मानपुरा, औरंगाबाद
२७ जानेवारी १९९४

प्रिय दादा,

कडूबाकाका आज दुपारच्या गाडीनं करमाडला यायला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. आधी तू एकट्यानं वाच. वहिनीला नंतर दे, पण दे नक्की. मागच्या आठवड्यात तू माझ्या खोलीवर येऊन चहा घेतलास आणि रविवारी मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवलाय असं सांगून गेलास. साडी, नारळ, हार, वर सरपंचांचं भाषण. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, आणि तू समजलास की मी लाजले. दादा, तुझी बहीण आजवर कधी कशाला लाजली आहे? मला त्या वेळी बोलताच येईना, एवढंच खरं. म्हणून आता लिहायला बसले आहे.

तू साऱ्या गावाला सांगत फिरतो आहेस की विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवशी जालना रोडवर एवढे कारखाने, एवढ्या बिल्डिंगी, पण निषेधाचा काळा झेंडा लावायची हिंमत एकट्या आमच्या द्वारकीनं केली. तो झेंडा नव्हता. तो का नव्हता ते मी तुला नीट समजावून सांगणार आहे, पण त्याआधी एक बातमी देते, जी तू चहा पिताना विचारली नाहीस. माझ्याबरोबर काम करणाऱ्या साहेबरावांच्या उजव्या डोळ्याची पट्टी काल सोडली. उजेड आणि अंधार कळतो, समोर धरलेली बोटं कळत नाहीत. हा डोळा परत येईल का, ते डॉक्टरांना आत्ता सांगता येत नाही. तू त्या दिवशी एवढंच विचारलं होतंस, "त्याला कुणी दिसलं का?" मी म्हटलं, त्यांना कुणी दिसलं नाही. मग तू कप खाली ठेवलास आणि साडी कुठल्या रंगाची घेऊ ते विचारायला लागलास.

आम्ही तिथं करतो तरी काय, हे तू मला कितीदा विचारलंस आणि प्रत्येक वेळी मी तुला दोन वाक्यांत वाटेला लावलं. आज सगळं सांगते. पंपाच्या कारखान्याला लागून आमची ती लांबट खोली आहे ना, त्यात स्टीलचं एक भांडं आहे. त्यातली सगळी हवा पंपानं काढून घ्यायची आणि आत एका तबकडीवर सिझियम नावाच्या धातूचा अगदी पातळ लेप चढवायचा. त्या तबकडीला कॅथोड म्हणतात. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जुन्या पद्धतीत तार तापवून इलेक्ट्रॉन काढत, पण ते काम आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखं. मोटार बंद केली तरी पाइपातून पाणी गळतच राहतं, तशी ती तार इलेक्ट्रॉन सोडतच राहते. उजेडाचं तसं नाही. उजेड आहे तोवर इलेक्ट्रॉन, उजेड गेला की त्याच क्षणी बंद. म्हणून लेझरचा हिरवा उजेड जेवढा थोडा वेळ लुकलुकेल, तेवढाच छोटा इलेक्ट्रॉनांचा पुंजका मिळतो. किती छोटा म्हणशील, तर पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्यात असे कोट्यवधी पुंजके मागंपुढं उभे राहतील. असा पुंजका वापरून पुढं मोठी यंत्रं चालवता येतात, अगदी झटक्यात घडून जाणाऱ्या गोष्टी बघता येतात. आमच्या मालकांना हे वेड कुठून लागलं देव जाणे, पण त्यांनी जागा दिली, यंत्रं दिली. कॅथोड माझ्याकडं आणि लेझर साहेबरावांकडं.

आता काळं कापड. या कॅथोडला आपला कोणता उजेड आणि परका कोणता, हे कळत नाही. लेझरचा पडला तरी इलेक्ट्रॉन देणार आणि खिडकीतलं ऊन पडलं तरी देणार. भांड्याला काचेचा झरोका आहे, त्यातून लेझर आत जातो आणि त्यातूनच ऊनही जातं. मग पुंजक्यांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉनांची बारीक धार लागते आणि माप सगळं पुसट होऊन जातं. थंडीत ऊन तिरपं येतं, ते आमच्या रस्त्याकडच्या खिडकीतून थेट भांड्यावर पडायचं. आतून पडदा लावायला जागा नाही, तिथं कपाटं आहेत. म्हणून डिसेंबरात मी गुलमंडीवरून जाड काळं कापड आणलं, दुहेरी करून शिवलं आणि बाहेरून चौकटीला खिळे मारून बसवलं. साहेबराव तेव्हाच हसून म्हणाले होते की ताई, दिवस कसले आहेत ते बघून तरी कापड लावा. मी म्हटलं, मला दिवस नको, अंधार हवा. दादा, माझा झेंडा म्हणजे एवढाच.

साहेबराव कोण, ते तुला ठाऊक आहे, पण तुला ठाऊक आहे ते फार थोडं. पिशोरच्या पुढं त्यांचं गाव. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंग्यात त्यांचं घर जाळलं तेव्हा ते शाळेत जात होते. आई त्यांना घेऊन शहरात आली आणि इथंच राहिली. ते नामांतर कमिटीचं काम करतात, मोर्च्यात पुढं असतात, तुरुंगातही जाऊन आले, हे सगळं खरं आहे. आणि लेझरचे आरसे लावताना श्वास रोखून उभे राहतात, तेव्हा शेजारी कुणी शिंकलं तरी त्यांचा हात हलत नाही, हेही खरं आहे. मी त्यांच्याशी भांडते. रोज भांडते. त्यांना वाटतं माझा कॅथोड नाजूक आहे, मला वाटतं त्यांचा लेझर लहरी आहे, आणि दोघांचंही बरोबर आहे.

तुझं म्हणणं मला पाठ आहे दादा. नाव गेलं की आपला भाग गेला, आपल्याला कुणी विचारणार नाही. मी तुझ्याशी जेवताना वाद घातला की वहिनी म्हणायची, भाकरी गार होतेय. आता नाव झालंय, आणि मराठवाडा हा शब्द त्यात जिथल्या तिथं आहे. मी परवा विद्यापीठाच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचला, लोक वळून बघायला लागले. पण ते जाऊ दे. तू वाईट माणूस आहेस म्हणून मी हे लिहीत नाही. मॅट्रिकनंतर सगळं गाव म्हणत होतं, पोरीला उजवून टाका, तेव्हा तू एकटा आडवा झालास. करमाडहून मला सायकलवर डबलसीट घेऊन औरंगाबादला परीक्षेला आणलंस, आणि पेपर संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिलास. मी फिजिक्स घेते म्हटल्यावर, ते काय असतं हे न विचारता तू माझ्या बाजूनं बोललास. मी आज जी कुणी आहे, ती तुझ्यामुळे आहे. हे लिहिताना मला रडू येतंय, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

संक्रांतीच्या, म्हणजे नामांतराच्याच, आदल्या दिवशी आमचा कॅथोड तयार झाला. तसा तो आधी दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा वीज जाऊन पंप थांबला आणि लेप मेला. हा जगला होता, पण असा लेप फार टिकत नाही, दर तासाला त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन कमी होत जातात. मालक सणाला पुण्याला गेलेले. शहरात काय होईल, कर्फ्यू लागेल का, वीज राहील का, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी साहेबरावांना निरोप धाडला की सकाळी आलात तर माप होईल, नाही आलात तर हाही गेला. ते आले. सोळा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आई आणि कमिटीची माणसं सोडून ते माझ्या कॅथोडसाठी आले. म्हणाले, दुपारपर्यंत उरकू, मग मी मिरवणुकीत जातो.

लेझर त्या दिवशीच रुसला. सकाळ सगळी त्याला समजावण्यात गेली. दुपार कलली तेव्हा कुठं हिरवा ठिपका तबकडीच्या मधोमध बसला आणि दुसऱ्या टोकाच्या चमकणाऱ्या काचेवर पहिली रेघ उमटली. पुंजका बाजूला ओढला की त्या काचेवर रेघ होते, आणि रेघ जितकी आखूड तितका पुंजका छोटा, असं ते माप. आम्ही पहिल्या फोटोची तयारी करत होतो आणि तेवढ्यात जालना रोडकडून आरडाओरडा ऐकू आला. काच फुटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. साहेबरावांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना जागचे हलू नका म्हणाले आणि दार ओढून फाटकाकडं गेले.

फाटकावर तू होतास. तुझ्यामागं ती सगळी माणसं, काही आपल्या गावची, बरीचशी मी कधी न पाहिलेली. मला बघून तुझा चेहरा असा फुलला की मी क्षणभर सगळं विसरले. "द्वारके, शाब्बास. साऱ्या रोडला एकच बिल्डिंग काळी दिसली, ती तुही निघाली," असं तू म्हणालास आणि मागं वळून त्यांना ओरडून सांगितलंस की ही आपली हाये, हिला हात लावायचा नाय. मग खिशातून वहिनीनं दिलेला तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवलास. तिळगूळ ठेवता ठेवताच तू विचारलंस, "तुमचा तो साहेबराव आत हाये का?"

मी म्हटलं, आज सण आहे, कोण येतंय कामाला. तुझ्याशी मी खोटं बोलले, तिळगूळ हातात घेऊन बोलले, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. तू खिडकीवरच्या काळ्या कापडाकडं बघितलंस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. तुमची गर्दी नाक्याच्या दिशेनं पुढं गेली. मी फाटकाची कडी लावून घेतली. तुझं कौतुक ऐकून मला आनंद झाला होता दादा, आणि त्या आनंदाचीच मला जास्त भीती वाटली.

आत आले तर साहेबराव भांड्यापाशी तसेच उभे होते. त्या खिडकीची काच पातळ आहे, रस्त्यावरचं सगळं आत ऐकू येतं. ही आपली हाये, हेही त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं ते माझे आभार मानतील किंवा चिडतील, पण त्यांनी खिडकीकडं बोट केलं. मग म्हणाले, "ताई, आईनं सकाळी दारात पणत्या मांडल्यात. अन् मी हितं काळ्या झेंड्याखाली दडून बसलो व्हय?" मी म्हटलं, तो झेंडा नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ते म्हणाले, आपल्याला माहीत असून काय उपयोग, रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसतं ते सांगा. मी एवढंच म्हटलं की कापड आत्ता काढलं तर माप गेलं, आणि ती माणसं अजून लांब गेलेली नाहीत.

माझं म्हणणं त्यांनी अर्धं ऐकलं. आधी माप, असं म्हणून त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आम्ही कामाला लागलो. लेझरच्या खोलीत तो खास चष्मा घातल्याशिवाय ते कधी वावरत नसत, मलाही वावरू देत नसत. डोळा गेला की लेझरवाला संपला, असं ते म्हणायचे. मी कॅमेऱ्याचं बटण दाबत होते. त्यांचा हात एकदाही हलला नाही. रस्त्यावर पुन्हा काहीतरी फुटलं, तेव्हाही नाही. काचेवर रेघ आली, इतकी आखूड की मी आधी तो ठिपकाच समजले. मग दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. आम्हाला हवा होता त्याहूनही छोटा पुंजका मिळाला होता. एरवी आम्ही दोघं खोलीभर नाचलो असतो. साहेबरावांनी पंप तेवढा चालू ठेवून भांड्याची वीज बंद केली, लेझर झाकला, चष्मा काढून टेबलावर नीट ठेवला आणि स्टूल उचलून मागच्या दारानं बाहेर गेले.

मी त्यांना अडवलं नाही. कॅमेऱ्यातून रीळ काढत होते, अंधारात चाचपडत, आणि रस्ता शांत झाला होता म्हणून मला वाटलं तुम्ही गेलात. खिळे उपटल्याचा आवाज आला आणि एकाएकी खोलीत ऊन भरलं. रीळ हातात उघडं होतं, म्हणून मी चिडून खिडकीकडं वळले. बाहेर स्टुलावर साहेबराव उभे होते, निम्मं कापड त्यांच्या खांद्यावर पडलेलं, आणि काचेतून मला काहीतरी खूण करत होते. हसत होते. तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडून ओरडा झाला, त्यांनी मान वळवली आणि दगड आला. ते स्टुलावरून खाली पडले. काळं कापड त्यांच्या अंगावर आलं, आणि मी बाहेर पळत जाऊन ते ओढून काढलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांखाली नुसतं रक्त होतं.

कारखान्याच्या टेम्पोतून त्यांना दवाखान्यात कसं नेलं ते मला धड आठवत नाही. त्यांची आई आली, पारूबाई. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्या हाताला रक्त लागलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "पोरी, तू जेवलीस का?" दादा, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. नंतर कर्फ्यू लागला, वीज गेली, कॅथोडही मेला, आणि मला त्याचं काडीचंही वाटलं नाही. रिळातल्या पहिल्या रेघा उन्हानं पुसल्या गेल्या, शेवटच्या दोन तेवढ्या वाचल्या. त्या रेघांचा फोटो मी साहेबरावांना नेऊन दिला. त्यांनी तो डाव्या डोळ्यासमोर धरला, हातभर लांब, मग जवळ. छान आहे म्हणाले. पुढच्या वेळी आरसे कोण लावणार, हे दोघांच्याही मनात होतं.

गावात आता जी गोष्ट चालली आहे ती वहिनीनं मला फोनवर सांगितली. द्वारकीनं काळा झेंडा लावला होता, तो उपटायला तो माणूस बाहेरून आला, आणि गर्दीतून कुणीतरी दगड मारला. म्हणजे तो दगड माझ्या झेंड्यासाठी मारला, माझी बाजू घेऊन मारला. अशा मानाची साडी मी अंगावर कशी घेऊ? साहेबराव बाहेरून आले नव्हते. तू फाटकावर तिळगूळ देत होतास तेव्हा ते माझ्यामागं त्या खोलीतच होते. कापड माझं, माप आम्हा दोघांचं, आणि ते कापड खाली उतरवायचा त्यांना पुरता हक्क होता. गेले बारा दिवस मी रोज दवाखान्यात जाते. खिडकीच्या आत मी होते हे साहेबरावांना माहीत आहे. तुम्हाला काय दिसलं, असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. उद्या सकाळी मला सिडकोच्या ठाण्यात जबाबाला बोलावलं आहे. कापड निघालं आणि ऊन आत आलं तेव्हा साहेबरावांच्या खांद्यावरून मला थेट रस्ता दिसला, आणि रस्त्यावर तू दिसलास. दगड आला तेव्हा तुझा डावखुरा हात वर होता. त्या गर्दीत तेव्हा दुसऱ्या कुणाचाही हात वर नव्हता. ते एवढ्या झटक्यात घडलं की मी रोज स्वतःला म्हणते, द्वारके, तुला नीट दिसलं नसेल. पण मला दिसलं, दादा. मी उद्या तुझं नाव सांगणार आहे. वहिनीला हे शिपायाच्या तोंडून कळू नये आणि तुला परक्याकडून कळू नये, म्हणून आधी तुला लिहिते आहे. सकाळची पहिली गाडी धरून ये. मी आत जायच्या आधी तू स्वतः सांगितलंस, तर मला फक्त हो म्हणावं लागेल. मी ठाण्याच्या दारात तुझी वाट बघत उभी राहीन, तू आलास की आपण दोघं मिळून आत जाऊ. आणि तू नाही आलास तरी मी आत जाणार आहे.

तुझीच,
द्वारकी